अवरक्त खगोलशास्त्र आणि विश्वोत्पत्तीच्या सिद्धांतांची कसोटी

अवरक्त खगोलशास्त्र ही दृश्य तांबड्या प्रकाशापेक्षा अधिक तरंगलांबीच्या, म्हणजे सुमारे ०.७५ मायक्रोमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंतच्या प्रारणांच्या साहाय्याने खस्थ पदार्थांचा अभ्यास करणारी खगोलशास्त्राची शाखा होय. ताऱ्यांची निर्मिती, आंतरतारकीय धूळ आणि ग्रह यांच्या अभ्यासाबरोबरच विश्वाच्या उत्पत्तीविषयीच्या परस्परविरोधी सिद्धांतांची पारख करण्यासाठीही या शाखेचा उपयोग होतो. विश्वाला तप्त आरंभ होता असे मानणारा महास्फोट सिद्धांत आणि असा एकमेव आरंभ नाकारणारे स्थिर स्थिती व अर्धस्थिर स्थिती सिद्धांत यांच्यातील वाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः एका प्रश्नापाशी येऊन ठेपला. आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे थंड प्रारण हा तप्त आरंभाचा अवशेष आहे, की तो धुळीने शोषून पुन्हा बाहेर टाकलेला ताऱ्यांचा प्रकाश आहे, हा तो प्रश्न होय. थंड धुळीचे प्रारण अवरक्त व मिलिमीटर तरंगलांबीत येत असल्याने या प्रश्नाचे उत्तर त्याच पट्ट्यात शोधावे लागले. या वादातील पर्यायी पक्षाचे एक प्रमुख प्रवर्तक महाराष्ट्रातील खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) हे होते.

अवरक्त प्रारणाचे स्वरूप

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्याच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढल्याचे त्यांना आढळले. या अदृश्य किरणांना पुढे अवरक्त किरण असे नाव मिळाले.

प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकतो. तापमान जितके कमी, तितकी सर्वाधिक तीव्रतेच्या प्रारणाची तरंगलांबी मोठी असते. हा संबंध वीन यांचा नियम म्हणून ओळखला जातो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन तापमानाचा असल्याने त्याचे प्रारण सुमारे ०.५ मायक्रोमीटरला, म्हणजे दृश्य प्रकाशात, सर्वाधिक असते. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. दिवसभर तापलेली भिंत सूर्यास्तानंतर अंधारात चमकत नाही, परंतु जवळ गेल्यास तिची धग जाणवते. या तापमानाच्या भिंतीचे प्रारण सुमारे ९ मायक्रोमीटरला सर्वाधिक असते. आंतरतारकीय धुळीचे तापमान अनेकदा २० ते ३० केल्विन इतके कमी असते, त्यामुळे तिचे प्रारण १०० ते १५० मायक्रोमीटरच्या आसपास, दूर अवरक्त पट्ट्यात मिळते. पदार्थ २.७ केल्विन इतका थंड असेल, तर हा शिखरबिंदू १ मिलिमीटरपर्यंत सरकतो.

अशा निरीक्षणांत दोन मोठे अडथळे असतात. वातावरणातील पाण्याची वाफ अवरक्त किरणांचा मोठा भाग शोषून घेते आणि वातावरण स्वतःही अवरक्त किरण बाहेर टाकते. शिवाय दुर्बीण जर सामान्य तापमानाची असेल, तर तिचे स्वतःचे प्रारण आकाशातील क्षीण प्रारणापेक्षा कितीतरी प्रबळ ठरते. म्हणून दूर अवरक्त निरीक्षणासाठी उंच फुगे, अग्निबाण किंवा कृत्रिम उपग्रह वापरतात आणि उपकरणे द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने निरपेक्ष शून्याच्या जवळपास थंड ठेवतात.

विश्वोत्पत्तीविषयीचे दोन पक्ष

दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जात असून त्यांचा वेग अंतराच्या प्रमाणात वाढतो, असे एडविन हबल यांनी १९२९ मध्ये दाखवले. त्यामुळे दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी तांबड्या बाजूकडे सरकते. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. विश्व प्रसरण पावत आहे, हे यानंतर सर्वमान्य झाले. मतभेद होता तो या प्रसरणाच्या अर्थाविषयी.

प्रसरण उलट दिशेने मागे नेल्यास विश्व कधीतरी अत्यंत घन व तप्त होते, असा निष्कर्ष निघतो. जॉर्ज गॅमो व त्यांचे सहकारी यांनी या तप्त अवस्थेत हलकी मूलद्रव्ये तयार झाली असावीत, असा विचार मांडला. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्ये असे भाकीत केले, की त्या आद्य उष्णतेचे अवशिष्ट प्रारण आजही सर्वत्र असावे आणि त्याचे तापमान सुमारे ५ केल्विन असावे.

त्याच वर्षी हर्मन बॉन्डी व टॉमस गोल्ड यांनी आणि स्वतंत्रपणे फ्रेड हॉएल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावत असले तरी रिकाम्या होणाऱ्या जागेत नवीन द्रव्य सतत निर्माण होते, त्यामुळे विश्वाची सरासरी घनता आणि एकूण रूप बदलत नाही, असे या सिद्धांताचे प्रतिपादन आहे. त्यानुसार विश्वाला आरंभ नाही व अंतही नाही. प्रतिस्पर्धी कल्पनेला ‘बिग बँग’ हे नाव हॉएल यांनीच १९४९ मध्ये बीबीसीवरील एका भाषणात दिले.

कोल्हापूर येथे जन्मलेले आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले जयंत नारळीकर केंब्रिज येथे हॉएल यांचे विद्यार्थी झाले आणि त्यांच्याबरोबर या सिद्धांताच्या गणिती पायाभरणीवर काम करू लागले. १९६४ मध्ये दोघांनी मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत हॉएल-नारळीकर सिद्धांत म्हणून ओळखला जातो. १९७२ मध्ये भारतात परतल्यावर नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजेच आयुकाचे, ते संस्थापक संचालक होते.

पार्श्वप्रारणाचा शोध आणि त्याचे पर्यायी स्पष्टीकरण

अर्नो पेन्झिआस आणि रॉबर्ट विल्सन यांना अमेरिकेतील न्यू जर्सी येथे ७.३५ सेंटिमीटर तरंगलांबीवर काम करीत असताना सर्व दिशांनी सारखेच येणारे प्रारण आढळले. त्याचे तापमान सुमारे ३.५ केल्विन भरले. हा शोध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रारणास वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारण म्हणतात. महास्फोट सिद्धांताने ते आधीच भाकीत केलेले असल्याने बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ त्या सिद्धांताकडे वळले.

नारळीकर आणि श्रीलंकेत जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ चंद्रा विक्रमसिंघे यांनी १९६७–६८ मध्ये या प्रारणाचा उगम आंतरतारकीय धूलिकणांत असू शकेल का, याचा विचार स्थिर स्थिती विश्वाच्या चौकटीत मांडला. पुढील काळात विस्तार पावलेल्या या युक्तिवादाचे दोन भाग आहेत.

पहिला भाग ऊर्जेचा आहे. विश्वातील सामान्य द्रव्यात वस्तुमानाने सुमारे एक चतुर्थांश हेलियम आहे. हे सगळे हेलियम ताऱ्यांच्या अंतर्भागात हायड्रोजनपासून बनले असे धरले, तर त्या प्रक्रियेत बाहेर पडलेली एकूण ऊर्जा पार्श्वप्रारणाच्या ऊर्जेइतकीच भरते. हॉएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा केवळ योगायोग वाटला नाही. महास्फोट सिद्धांतानुसार मात्र बहुतेक हेलियम पहिल्या काही मिनिटांतच तयार झाले, त्यामुळे त्या दृष्टीने या दोन आकड्यांचा मेळ हा योगायोगच ठरतो.

दुसरा भाग धुळीचा आहे. ताऱ्यांचा प्रकाश दृश्य तरंगलांबीचा असतो, तर पार्श्वप्रारण मिलिमीटर तरंगलांबीचे आहे. एकाचे दुसऱ्यात रूपांतर होण्यासाठी प्रकाश शोषून तो मिलिमीटर पट्ट्यात बाहेर टाकणारे कण हवेत. नेहमीची गोलसर धूळ मोठ्या तरंगलांबीवर फारच दुर्बळ शोषक असते, त्यामुळे ती या कामास अपुरी पडते. म्हणून केसासारख्या बारीक लोहतंतूंची कल्पना पुढे आली. अतिनवताऱ्याच्या स्फोटातून बाहेर पडलेली धातूंची वाफ थंड होताना असे तंतू तयार होतात, अशी ही कल्पना आहे. धातूची वाफ सावकाश थंड केल्यास तंतू बनतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले होते. सुमारे १ मिलिमीटर लांब आणि मायक्रोमीटरच्या शंभराव्या भागाइतके जाड असे तंतू मिलिमीटर तरंगलांबीचे प्रारण अतिशय कार्यक्षमतेने शोषतात, त्यामुळे त्यांचे अत्यल्प प्रमाणही पुरेसे ठरते.

वर्णपटाची कसोटी

दोन्ही स्पष्टीकरणांतील फरक प्रारणाच्या वर्णपटात दिसायला हवा होता. पूर्ण समतोल तापमानाच्या आदर्श शोषकातून बाहेर पडणाऱ्या प्रारणाचा वर्णपट एका ठरावीक गणिती वक्ररेषेनुसार असतो. अशा आदर्श शोषकाला कृष्णवस्तू म्हणतात. विश्व एकेकाळी घन, तप्त आणि अपारदर्शक असेल, तर त्यातून उरलेले प्रारण या वक्ररेषेशी अत्यंत काटेकोरपणे जुळायला हवे. प्रारण धुळीतून आलेले असेल, तर निरनिराळ्या अंतरांवरील व निरनिराळ्या तापमानांच्या धुळीचे मिश्रण होऊन वक्ररेषेत विचलन येण्याचा संभव होता. ते टाळायचे, तर तंतूंनी प्रारण पुनःपुन्हा शोषून पूर्ण समतोल साधला असला पाहिजे.

पेन्झिआस व विल्सन यांचे आणि त्यानंतरचे बहुतेक भूस्थित मापन वक्ररेषेच्या मोठ्या तरंगलांबीच्या बाजूचे होते. त्या बाजूला अनेक प्रकारचे वर्णपट एकसारखेच दिसतात. निर्णायक भाग १ मिलिमीटरच्या शिखराजवळ आणि त्याच्या अलीकडे, दूर अवरक्त बाजूला होता, आणि तेथे वातावरण आडवे येत होते.

१९६८ मध्ये कंदिया शिवनंदन, जेम्स हाउक व मार्टिन हार्विट यांनी अग्निबाणातून ०.४ ते १.३ मिलिमीटर पट्ट्यात मापन केले. त्यांना आढळलेले प्रारण ८.३ केल्विन तापमानाशी जुळणारे, म्हणजे अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक होते. नंतरच्या फुग्यांवरील व अग्निबाणांवरील प्रयोगांत एवढे आधिक्य आढळले नाही. १९८७ मध्ये जपानमधील नागोया आणि अमेरिकेतील बर्कली येथील शास्त्रज्ञांनी संयुक्तपणे पाठवलेल्या अग्निबाणानेही १ मिलिमीटरच्या आतील तरंगलांबीत आधिक्य नोंदवले. ते खरे असते, तर महास्फोट सिद्धांताच्या साध्या रूपात ते बसवणे कठीण होते. त्यामुळे विश्वाच्या आरंभकाळातील धुळीसह अनेक स्पष्टीकरणे पुढे आली.

१८ नोव्हेंबर १९८९ रोजी नासाचा ‘कोबे’ हा उपग्रह सोडण्यात आला. त्यातील ‘फिरास’ हे उपकरण सुमारे १.५ केल्विनपर्यंत थंड ठेवलेले होते आणि ०.१ ते १० मिलिमीटर पट्ट्यातील वर्णपट मोजत होते. आकाशाच्या प्रारणाची तुलना उपग्रहावरच ठेवलेल्या, तापमान बदलता येणाऱ्या कृत्रिम कृष्णवस्तूशी केली जाई. त्यामुळे उपकरणाचे स्वतःचे दोष दोन्ही बाजूंना सारखेच लागू होऊन वजा होत. जानेवारी १९९० मध्ये जॉन मॅथर यांनी अवघ्या ९ मिनिटांच्या निरीक्षणांवर आधारित वर्णपट अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेच्या अधिवेशनात दाखवला. मापनाचे बिंदू कृष्णवस्तूच्या वक्ररेषेवर तंतोतंत बसलेले पाहून श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. १९८७ च्या प्रयोगातील आधिक्य खरे नव्हते, हेही त्यातून स्पष्ट झाले. अंतिम विश्लेषणात तापमान २.७२५ केल्विन ठरले आणि वक्ररेषेपासूनचे विचलन शिखरमूल्याच्या १ लाखात ५ भागांपेक्षा कमी असल्याचे दिसले. मॅथर आणि जॉर्ज स्मूट यांना २००६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

अर्धस्थिर स्थिती सिद्धांत

कोबेच्या निष्कर्षानंतर, १९९३ मध्ये, हॉएल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी स्थिर स्थिती सिद्धांताचे सुधारित रूप मांडले. ‘क्वासी-स्टेडी स्टेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सिद्धांतात द्रव्यनिर्मिती सर्वत्र सारखी व सतत न होता दीर्घिकांच्या केंद्रांसारख्या प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या ठिकाणी लहान लहान स्फोटांतून होते. विश्व दीर्घ काळात सतत प्रसरण पावत असले, तरी त्यावर सुमारे ५,००० कोटी वर्षांची आकुंचन-प्रसरणाची आवर्तने असतात. एका आवर्तनात विश्व विशिष्ट किमान आकाराखाली जात नाही, त्यामुळे अनंत घनतेचा आरंभबिंदू उद्भवत नाही.

या मांडणीत पार्श्वप्रारण म्हणजे मागील आवर्तनांतील ताऱ्यांचा प्रकाश होय. प्रत्येक आवर्तनाच्या किमान आकाराच्या टप्प्यावर लोहतंतूंची घनता वाढते आणि तो प्रकाश तेथे समतोल पावतो. ताऱ्यांचे आयुष्य संपल्यावरही त्यांचा प्रकाश उरत असल्याने असंख्य ताऱ्यांच्या पिढ्यांचे योगदान त्यात साठत जाते, असा हा विचार आहे.

कोबेच्या चमूतील एडवर्ड राइट यांनी या प्रतिकृतीवर सविस्तर आक्षेप घेतले आणि तिच्या कर्त्यांनी त्यांना उत्तरे दिली. पार्श्वप्रारणातील सूक्ष्म तापमानभेदांचे स्पष्टीकरण या प्रतिकृतीतून देण्याचा प्रयत्न नारळीकर आणि आयुकातील तरुण सौरदीप यांच्यासह इतर सहकाऱ्यांनी २००३ मध्ये केला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या आणि त्यानंतरच्या प्लांक उपग्रहाच्या मापनांशी महास्फोट सिद्धांताची प्रमाणित प्रतिकृती मोजक्या सहा घटकराशींच्या आधारे जुळते. पर्यायी प्रतिकृतीला तितक्या बारकाव्यानिशी जुळणी साधता आलेली नाही, हे तिच्या विरोधातील प्रमुख कारण मानले जाते.

अवरक्त पार्श्वप्रारण आणि धुळीची मर्यादा

कोबेवरील ‘डर्बे’ हे उपकरण १.२५ ते २४० मायक्रोमीटर या दहा पट्ट्यांत आकाश मोजत होते. आजवरच्या सर्व दीर्घिकांतील ताऱ्यांनी बाहेर टाकलेला आणि धुळीने पुन्हा उत्सर्जित केलेला एकत्रित अवरक्त प्रकाश शोधणे हे त्याचे उद्दिष्ट होते. सूर्यमालेतील ग्रहांच्या दरम्यानची धूळ आणि आकाशगंगेतील धूळ त्याच पट्ट्यात चमकत असल्याने त्यांचा वाटा काळजीपूर्वक वजा करावा लागला. १९९८ मध्ये १४० व २४० मायक्रोमीटर तरंगलांबीवर असे वैश्विक अवरक्त पार्श्वप्रारण निश्चितपणे आढळल्याचे जाहीर झाले. फिरासच्या नोंदींतूनही त्याची खूण मिळाली होती. दीर्घिकांच्या एकूण प्रकाशापैकी साधारण निम्मा भाग धूळ शोषून अवरक्त रूपात बाहेर टाकते, असे यावरून कळले.

विश्वोत्पत्तीच्या वादात या मापनाचे महत्त्व दुहेरी आहे. पहिले असे, की दृश्य आणि अवरक्त मिळून ताऱ्यांच्या प्रकाशाची एकूण ऊर्जा सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाच्या ऊर्जेच्या सुमारे विसाव्या भागाइतकीच भरते. म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या दीर्घिकांचा प्रकाश पार्श्वप्रारणासाठी पुरेसा नाही. त्यासाठी मागील आवर्तनांतील ताऱ्यांचा आधार घ्यावा लागतो आणि ते तारे प्रत्यक्ष निरीक्षणाच्या कक्षेत सहजासहजी येत नाहीत.

दुसरे महत्त्व अतिनवताऱ्यांशी संबंधित आहे. १९९८ मध्ये दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा अंधूक आढळले. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी यावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा निष्कर्ष काढला. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांमधील अवकाशातील लोहतंतूंमुळे हा प्रकाश मंदावतो, असे स्पष्टीकरण दिले. परंतु धुळीने शोषलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती दूर अवरक्त किंवा त्याहून मोठ्या तरंगलांबीत बाहेर पडलीच पाहिजे. त्यामुळे अशी धूळ किती असू शकेल यावर अवरक्त पार्श्वप्रारणाचे मापन थेट मर्यादा घालते. ज्ञात दीर्घिकांचे योगदान वजा केल्यावर अशा धुळीसाठी फारच थोडी जागा उरते.

भूतकाळातील तापमान : पुण्यातील संशोधन

महास्फोट सिद्धांतानुसार पार्श्वप्रारण पूर्वी अधिक उष्ण असायला हवे. ताम्रसृती ‘झ’ मानल्यास त्या काळचे तापमान आजच्या तापमानाच्या (१ + झ) पट असले पाहिजे. मूळ स्थिर स्थिती सिद्धांतात विश्वाचे रूप काळानुसार बदलत नाही, म्हणून तापमान नेहमी २.७ केल्विनच असायला हवे. हा फरक स्वच्छ आहे आणि तो मोजता येतो.

कार्बनच्या अणूच्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीचे तीन जवळजवळचे उपस्तर असतात. त्यांच्यातील संक्रमणाची तरंगलांबी सुमारे ०.६१ व ०.३७ मिलिमीटर, म्हणजे दूर अवरक्त सीमेवरील असते. एखादा वायुमेघ पार्श्वप्रारणात बुडालेला असेल, तर त्या प्रारणामुळे काही अणू वरच्या उपस्तरात जातात. त्यांचे प्रमाण मोजल्यास तेथील प्रारणाचे तापमान काढता येते, म्हणजे अणूच तापमापकाचे काम करतो. याच तत्त्वाने अँड्र्यू मॅकेलर यांनी १९४१ मध्ये, पार्श्वप्रारणाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, आकाशगंगेतील सायनोजन रेणूंवरून २.३ केल्विन हे तापमान काढले होते. त्याचा वैश्विक अर्थ मात्र तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही.

आयुकातील रघुनाथन श्रीआनंद आणि फ्रान्समधील पॅट्रिक पेतिजाँ व सेद्रिक लदू यांनी २००० साली २.३४ ताम्रसृतीच्या वायुमेघातील कार्बनच्या अणूंवरून हे तापमान काढले. चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ या दुर्बिणीने क्वेसारच्या प्रकाशात टिपलेल्या शोषणरेषांवर हे मापन आधारलेले होते. तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान भरले. महास्फोट सिद्धांताचे भाकीत ९.१ केल्विन होते. २००८ मध्ये श्रीआनंद व सहकाऱ्यांनी २.४२ ताम्रसृतीच्या मेघातील कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंवरून ९.१५ केल्विन हे अधिक अचूक मूल्य मिळवले. तेथील भाकीत ९.३ केल्विन होते.

या मापनांनी मूळ स्थिर स्थिती सिद्धांताला स्पष्ट नकार दिला. अर्धस्थिर स्थितीच्या प्रतिकृतीत मात्र चालू आवर्तनाच्या प्रसरणाबरोबर पार्श्वप्रारण थंड होत जात असल्याने तिला या एका चाचणीने तसा धक्का बसत नाही. नारळीकर यांनी उभारलेल्या संस्थेतच त्यांच्या पूर्वीच्या सिद्धांताविरुद्ध जाणारे मापन झाले, ही बाब विज्ञानाच्या कार्यपद्धतीच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

दूरच्या दीर्घिका

प्रसरणामुळे अतिदूरच्या दीर्घिकांचा दृश्य व अतिनील प्रकाश अवरक्त पट्ट्यात सरकतो. त्यामुळे विश्वाच्या आरंभकाळाजवळील दीर्घिका अवरक्त दुर्बिणीनेच दिसू शकतात. २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली जेम्स वेब अवकाश दुर्बीण ६.५ मीटर व्यासाच्या आरशाची असून ती ०.६ ते २८ मायक्रोमीटर पट्ट्यात निरीक्षण करते. ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर आहे.

दोन्ही सिद्धांतांची भाकिते येथेही वेगळी आहेत. महास्फोट सिद्धांतानुसार विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे असल्याने अतिदूरच्या दीर्घिका तरुण, सरासरीने लहान आणि जड मूलद्रव्यांत दरिद्री असायला हव्यात. अर्धस्थिर स्थितीत खूप जुने तारे असलेल्या दीर्घिकाही आढळायला हव्यात, आणि विश्वाच्या किमान आकारामुळे चालू आवर्तनातील दीर्घिकांच्या ताम्रसृतीला वरची मर्यादा असायला हवी.

जेम्स वेब दुर्बिणीने १४ हून अधिक ताम्रसृतीच्या दीर्घिका शोधल्या आहेत. महास्फोटाच्या कालगणनेत त्या आरंभानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनीच अस्तित्वात होत्या. त्यांपैकी एका दीर्घिकेतील ऑक्सिजनची ८८ मायक्रोमीटरची दूर अवरक्त रेषा चिलीतील ‘आल्मा’ दुर्बिणींनी सुमारे १.३ मिलिमीटरवर टिपली. इतक्या दूरचे मिलिमीटर प्रारण आपल्यापर्यंत पोहोचते, याचा अर्थ वाटेतील अवकाश या तरंगलांबीला बऱ्यापैकी पारदर्शक आहे. त्यामुळे लोहतंतूंची घनता किती मानता येईल, यावर आणखी एक बंधन येते.

दुसरीकडे, या दीर्घिका पूर्वीच्या अंदाजांपेक्षा अधिक तेजस्वी आणि संख्येने अधिक निघाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ‘अलकनंदा’ नावाची सुघटित सर्पिल दीर्घिका शोधली. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या या शोधानुसार ती महास्फोटानंतर सुमारे १५० कोटी वर्षांनीच तयार झालेली होती. दीर्घिका इतक्या लवकर एवढ्या प्रगत कशा झाल्या, हा सध्याच्या संशोधनाचा विषय आहे. अशा शोधांनंतर महास्फोट सिद्धांत कोसळल्याच्या बातम्या अधूनमधून प्रसिद्ध होतात, परंतु त्या अचूक नाहीत. या निरीक्षणांनी दीर्घिकांच्या वाढीविषयीच्या प्रतिकृती बदलाव्या लागत आहेत. पार्श्वप्रारणाचा वर्णपट, हलक्या मूलद्रव्यांचे प्रमाण आणि वाढते भूतकालीन तापमान हे महास्फोटाचे मुख्य आधार त्यांनी बाधित होत नाहीत.

भारतातील अवरक्त निरीक्षणे

टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर व्यासाची दूर अवरक्त दुर्बीण विकसित केली. ती हैदराबाद येथील राष्ट्रीय फुगा केंद्रातून मोठ्या फुग्याच्या साहाय्याने सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठवली जाते. त्या उंचीवर वातावरणाचा जवळजवळ ९९ टक्के भाग खाली राहतो. जपानच्या सहकार्याने कार्बनच्या १५८ मायक्रोमीटर रेषेचे मापनही तिच्याद्वारे झाले आहे. तिचे मुख्य कार्य आकाशगंगेतील तारानिर्मितीच्या प्रदेशांचा अभ्यास हे असून पार्श्वप्रारणाचे मापन हे तिचे उद्दिष्ट नाही. तथापि आकाशगंगेतील धूळ कशी चमकते हे नेमके समजल्याखेरीज तिच्या पलीकडील क्षीण प्रारण वेगळे काढता येत नाही, त्यामुळे अशा अभ्यासाचा विश्वरचनाशास्त्रालाही उपयोग होतो.

जवळच्या अवरक्त पट्ट्यातील निरीक्षणे जमिनीवरूनही होऊ शकतात, मात्र त्यासाठी उंच व कोरडी जागा लागते. राजस्थानातील माउंट अबूजवळ गुरुशिखर येथे, सुमारे १,६८० मीटर उंचीवर, भौतिक संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण आहे. वऱ्हाडातील सर्वांत परिचित उंच ठिकाण असलेले चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि तेथे पावसाळ्यात दाट धुके व भरपूर बाष्प असते. अशा जागेपेक्षा लडाखमधील हान्ले येथील उंच शीत वाळवंट अवरक्त निरीक्षणाला अधिक अनुकूल ठरते. उत्तराखंडातील देवस्थळ येथील ३.६ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरही टाटा संस्थेने तयार केलेली अवरक्त उपकरणे वापरली जातात.

सद्यःस्थिती

आज बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ महास्फोट सिद्धांत स्वीकारतात. अवरक्त व मिलिमीटर पट्ट्यातील मापनांनी मूळ स्थिर स्थिती सिद्धांत अग्राह्य ठरवला आणि अर्धस्थिर स्थिती सिद्धांताला पुरेसा आधार मिळू दिला नाही. नारळीकर मात्र अखेरपर्यंत या प्रश्नावर खुल्या चर्चेचा आग्रह धरत राहिले. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या पर्यायी मांडणीचे वैशिष्ट्य असे, की तिने प्रारणाचा उगम, कणांचा आकार आणि ऊर्जेचा हिशोब स्पष्टपणे मांडला. त्यामुळेच ती मोजून तपासता आली. महास्फोट सिद्धांताच्या समर्थकांनाही आपले आधार अधिक काटेकोरपणे सिद्ध करावे लागले.

महास्फोट सिद्धांतापुढेही अनुत्तरित प्रश्न आहेत. कृष्णद्रव्य व कृष्णऊर्जा यांचे स्वरूप अज्ञात आहे आणि आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणाची, म्हणजे चलनवाढीसारख्या फुगवट्याची कल्पना थेट सिद्ध झालेली नाही. नासाची ‘स्फिअरएक्स’ ही अवरक्त अवकाश दुर्बीण मार्च २०२५ मध्ये सोडण्यात आली. ती ०.७५ ते ५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात १०२ रंगछटांमध्ये संपूर्ण आकाशाची पाहणी करून सुमारे ४५ कोटी दीर्घिकांची नोंद घेणार आहे. दीर्घिकांच्या त्रिमितीय मांडणीवरून त्या आद्य प्रसरणाच्या निरनिराळ्या प्रतिकृतींची पारख करणे हे तिच्या उद्दिष्टांपैकी एक आहे.